माळ मोकळाच राहू द्या: गायरान आणि पाणथळीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गावच्या गायरानावर लिहिलं होतं. गवताचा माळ आणि त्याच्या सखल भागात पावसाळ्यात साचणारं पाणी हे दोन्ही मिळून पशुपक्ष्यांचं घर होतं, एक वाचवून दुसरं घालवलं तर काही हाती लागत नाही, असा त्याचा सूर होता. त्यावर एवढे प्रश्न आले की सगळ्यांना जागा देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काहींना थोडक्यातच उत्तर दिलंय, राग मानू नका.

प्रश्न: आमच्या गायरानात पावसाळ्याआधी वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम ठरलाय. रोपं, खड्डे, ड्रिप सगळा खर्च एक कंपनी करणार आहे, ग्रामपंचायत खूश आहे. मी तुमचा लेख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तर सगळे म्हणाले झाडांना विरोध करणारा हा कोण? आता यांना काय सांगू? (दौंड तालुक्यातून एक वाचक)

उत्तर: झाडांना विरोध नाहीच हो, जागा चुकतेय एवढंच म्हणणं आहे. दौंड, बारामती, इंदापूर, करमाळा, कर्जत हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, पाऊस जेमतेम ५००-६०० मिलिमीटर आणि तोही लहरी, वर वीतभर माती की खाली लगेच मुरूम. असल्या जमिनीवर जे टिकतं ते गवत, आणि मधेमधे एखादी बोर, हिवर, बाभूळ, तरवड. कुठलं तरी घनदाट जंगल तुटून मागे उरलेलं हे रान नाही, इथलं मूळ रूपच हे आहे. अभ्यासकांनी अलीकडे जुन्या मराठी ओव्या आणि कथांमधले झाडांचे उल्लेख तपासले तर त्यातही बहुतेक उघड्या माळावरचीच काटेरी झाडं निघाली, म्हणजे कित्येक शतकं हे असंच आहे. पण सरकारी नकाशांत असले माळ 'पडीक' या सदरात जातात, आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला सगळे मोकळे होतात, कोणी झाडं लावतं, कोणी कचरा डेपो करतं, कोणी प्लॉट पाडतं.

आता खड्डे कधी खणतात ते बघा. एप्रिल-मे महिन्यात, जेसीबी लावून. माळटिटवी नेमकी तेव्हाच अंडी घालते. तिचं घरटं म्हणजे जमिनीत उकरलेली उथळशी जागा, कडेने चार खडे, आणि आत मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची, बहुतेक वेळा चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला करून ठेवलेली. दोन पावलांवर उभं राहिलात तरी दिसत नाहीत, नजर खड्यांवरून सरळ पुढे निघून जाते. दुपारी जमीन भाजून निघते तेव्हा पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली धरायला, आणि मधेच उठून जवळच्या डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवतो. माळ आणि पाणी एकमेकांना कसे धरून आहेत हे यावरून कळावं, डबकं बुजवलं तर वरच्या माळावरची अंडी उकडतात. धाविक, चंडोल, पखुर्डी यांचीही घरटी जमिनीवरच. एका ओळीत खड्डे घेत गेलेला जेसीबी यातलं काहीही बघत नाही, चालवणाऱ्याचाही दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

बरं, झाडं जगली असं धरून चालू. लावतात काय तर बहुतेक ठिकाणी ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, कारण ती लवकर वाढतात आणि फोटोत हिरवी दिसतात. त्यांची सावली पडली की पवना, मारवेल, डोंगरी ही चांगली गवतं हटतात, त्यांना भरपूर ऊन लागतं. गवत गेलं की टोळ-नाकतोडे गेले, आणि मग हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी इथे काय खाणार? ते रात्रीसुद्धा झाडावर बसत नाहीत, गुडघाभर गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. चिंकारा आणि काळवीट लांबवर नजर पोचली तर सुरक्षित राहणारे प्राणी आहेत, दाट लागवड झाली की ती जागा सोडतात. कार्बनचं म्हणाल, कंपनीचे लोक हमखास तेच म्हणतील, तर गवताळ माळाचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणवा लागला तरी वरचं जळतं, खालचं राहतं. लागवडीसाठी माळ उकरला की हा मातीतला साठाही हलतो.

तर मीटिंगमध्ये असं मांडा की झाडं गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाने लावू, तिथे ती हवीच आहेत, आणि माळासाठी त्याच पैशातून वेडी बाभूळ आणि घाणेरी काढायचं काम करू, गवत राखायला एक माणूस नेमू, जनावरांसाठी बाहेरच्या बाजूला पाण्याची टाकी बांधू. कंपनीला फोटो लागतातच, तर ऑक्टोबरमधल्या पिवळ्या गवताचे काढा म्हणावं. मला विचाराल तर महाराष्ट्रात माळरानांचं सगळ्यात जास्त नुकसान आज चांगल्या हेतूने लावलेल्या झाडांनीच होतंय, आणि चांगल्या हेतूला नाही म्हणायला फार धीर लागतो, तो तुम्ही दाखवताय हे मोठं काम आहे.

प्रश्न: माळाच्या खालच्या अंगाला आमच्याकडे एक तळं आहे, तळं कसलं, मोठं डबकंच म्हणा, पावसाळ्यात भरतं आणि फेब्रुवारीपर्यंत आटून जातं. ते खोल करून बारमाही करायचं, कडेने दगडी पिचिंग आणि वॉकिंग ट्रॅक करायचा असं चाललंय. यात तरी काही वाईट नाही ना? (सिन्नर तालुक्यातून एक वाचक)

उत्तर: थांबवता येत असेल तर थांबवा, निदान पिचिंग तरी.

तळं आटतं हा दोष वाटतो पण तोच त्याचा गुण आहे. दरवर्षी कोरडं पडणाऱ्या पाण्यात मोठे मासे टिकत नाहीत, त्यामुळे बेडकांची पिल्लं खायला कोणी नसतं. मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की रात्री टॉर्च घेऊन काठावर जाऊन बघा. मोठ्या बेडकाचे नर एरवी हिरवट-मातकट असतात, ते त्या दिवसांत लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच वाटत नाही की हे आपल्याच गावचे बेडूक आहेत. हा सगळा खेळ उथळ, तात्पुरत्या पाण्यातच चालतो.

मग पाऊस संपतो, पाणी हळूहळू मागे सरकायला लागतं आणि रोज थोडा थोडा ओला चिखल उघडा पडत जातो. हिवाळ्यासाठी येणाऱ्या तुतवार, चिखल्या मंडळींना नेमका हाच चिखल पाहिजे असतो, त्यातले किडे, अळ्या, शिंपले. चिखल्याचे पाय इवलेसे, तो कडेनेच पळणार, शेकाट्याचे पाय लांब तर तो जरा आत जाणार, त्याच्या पुढे थापट्या, तलवार बदक. प्रत्येकाची खोली वेगळी, म्हणून काठ उतरता लागतो. तुम्ही जेसीबीने सरळ भिंतीसारखा काठ केला, वर दगड बसवले, की पाणी खूप दिसतं पण पाय टेकायला जागाच राहत नाही. तिथे मग पाणकावळे तेवढे दिसतील. पाणलावा, पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक यांना काठाची लव्हाळी आणि उंच गवत लागतं, तिथेच ते घरटं करतात, ते 'साफसफाई' मध्ये पहिलं जातं.

तुमच्या जवळच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० साली राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे बंधारा घातला, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ बेटं आणि दलदल तयार झाली आणि म्हणून तिथे पक्षी जमले. एखाद्या रविवारी गावातली चार माणसं घेऊन जाऊन या, उथळपणाची किंमत तिथे डोळ्यांनी दिसते, मला इथे लिहून एवढं पटवता येणार नाही.

आता जनावरांना उन्हाळ्यात पाणी पाहिजे, ही गरज खरी आहे, ती नाकारून चालत नाही. त्यासाठी वेगळ्या जागी, तळ्यापासून बाजूला, खोल टाकं करा. आणि गाळ काढायचाच असेल तर मधला थोडाच भाग काढा, ज्या बाजूला पक्षी जास्त असतात ती बाजू हलवू नका, काढलेला गाळ काठावर ढीग लावून ठेवू नका, शेतात न्या. काठावर बेशरम नावाची झुडपं माजली असतील तर ती मात्र मुळासकट काढा, नुसती कापली तर परत फुटतात. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, तिकडे मामा तलाव म्हणतात, तिथे ढिवर या मासेमार समाजाच्या बायकांनी हे काम केलंय, चिखलात उतरून बेशरम उपटली आणि त्या जागी तलावातल्या मूळच्या पाणवनस्पती परत लावल्या, आणि देशी मासे, पक्षी परत यायला लागले. ज्यांचं पोट तलावावर त्यांनाच कुठली वनस्पती कुठे हवी हे कळतं. आपल्याकडे असली कामं कंत्राटदाराला देतात, तिथेच चुकतं.

प्रश्न: गायरान कुणाच्या मालकीचं? त्याला कायद्याने काही संरक्षण आहे का, की सरपंच बदलला की सगळं बदलतं? (धाराशिव, जालना आणि आणखी काही ठिकाणांहून)

उत्तर: जमीन सरकारची, ती राखायची जबाबदारी ग्रामपंचायतीची आणि हक्क अख्ख्या गावाचा, असं साध्या भाषेत समजा. सातबारा काढून बघा आणि गट नंबर लिहून ठेवा, पुष्कळ गावांत आपलं गायरान नेमकं कुठून कुठपर्यंत आहे हे चार माणसांनाही माहीत नसतं.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम २२-अ आहे, त्याप्रमाणे गायरान दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, देता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. सार्वजनिक प्रकल्पाला मात्र सूट आहे, दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तर, आणि सगळं याच वाक्यातून आत शिरतं. त्यामुळे प्रकल्प आला की पहिला प्रश्न हाच विचारा की दुसरी जमीन शोधली का, कुठे शोधली, कागद दाखवा. तोंडी विचारू नका, माहिती अधिकारात विचारा.

सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल जवळ ठेवा. पंजाबमधल्या एका गावचं तळं बुजवून काही लोकांनी घरं बांधली होती, ते प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढून त्या परत ग्रामपंचायतीकडे द्या, पैसे भरून अतिक्रमण कायम करून घ्यायचा रस्ता बंद. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनी, आणि तिथे आधीच असलेली शाळा-दवाखाना यांना अपवाद ठेवलाय, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. मराठवाड्यात गायरानावर पिढ्यान्पिढ्या कसून खाणारी दलित, भूमिहीन कुटुंबं आहेत, दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले तो इतिहास आपला आहे. माळ वाचवायच्या नावाखाली त्यांच्या झोपड्यांवर आधी बुलडोझर आणि धनदांडग्याच्या फार्महाऊसला हात नाही, असं होणार असेल तर त्याला संवर्धन म्हणू नये.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत भराव घालणं, अतिक्रमण, कचरा-सांडपाणी टाकणं याला बंदी आहे आणि पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको असंही आहे, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. म्हणजे तुमचं तळं नैसर्गिक की बांधलेलं, हे कागदावर कसं लिहिलंय त्यावर बरंच ठरतं. आधी ते बघून घ्या.

प्रश्न: गवत वाचवायचं तर चराई पूर्ण बंद करायची का? आमच्याकडे यावरून भांडणं झालीत. (सांगोला)

उत्तर: पूर्ण बंद नको. चरणाऱ्या जनावरांबरोबरच हा माळ घडलाय, कायमची बंदी केली तर काही वर्षांत जुनं गवत कुजून थर होतो, झुडपं माजतात आणि माळटिटवीसारख्या खुरट्या गवतातल्या पक्ष्यांना जागा उरत नाही. पण बारा महिने सगळीकडे सगळ्यांची जनावरं असली तर चांगली गवतं संपतात आणि मागे कुसळी, तरवड आणि गाजरगवत उरतं.

माळाचे तीन-चार तुकडे करा आणि पाळीपाळीने एकेक राखा, म्हणजे जून ते ऑक्टोबर त्यात कोणी जायचं नाही, गवताला बी धरू द्यायचं, बी झडलं की मग विळ्याने कापून न्यायचं. यंत्राने मुळापासून नाही, चार बोटं ठेवून. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. आणि हे ठरवायच्या मीटिंगला धनगर मेंढपाळांना बोलवा, गावचे नसले तरी बोलवा. ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे किंवा जिकडे चारा असेल तिकडे जातात, पावसाळ्यात माळावर परततात, वाटेत शेतात मेंढरं बसवून लेंडीखत देऊन जातात. कुठल्या माळाला किती दिवस झेपतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि बैठकीत सगळ्यात मागे उभं असतात तेही तेच.

प्रश्न: गवत पेटवलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं म्हणतात. खरं का? (फलटण)

उत्तर: कोवळे फुटवे लवकर दिसतात म्हणून तसं वाटतं. पण आपल्याकडे डिसेंबर ते मार्च पेटवतात, तेव्हा भोवत्यांचा मुक्काम त्याच गवतात असतो, ससे, खोकडाची पिल्लं, सरडे, सगळे त्यात सापडतात, आणि उन्हाळ्याचा चारा जळतो तो वेगळाच. पेटवू नका. माळाच्या कडेने गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाणार नाही अशी मोकळी पट्टी ठेवा.

प्रश्न: आमच्या भागात लांडग्याने मेंढ्या मारल्या. तुम्ही लांडगे वाचवा म्हणता, आम्ही कसं करायचं? (पुरंदर तालुक्यातील एक मेंढपाळ)

उत्तर: दादा, नुकसान तुमचं झालंय आणि त्याचा भार एकट्या तुमच्यावर पडू नये, हे आधी. वनखात्याला लगेच कळवा, पंचनामा होईपर्यंत मेलेली मेंढी हलवू नका, फोटो काढून ठेवा, भरपाई हा तुमचा हक्क आहे. ती मिळायला उशीर होतो हे माहिती आहे, म्हणून गावाने मिळून पाठपुरावा करावा, तुम्हाला एकट्याला ऑफिसात चकरा मारायला लावू नये. रात्री वाघूर, म्हणजे मेंढवाड्याभोवतीचं जाळं, नीट ताणून लावा, कोकरं आत, राखणीची कुत्री बाहेर.

आणि तुमच्या अनुभवाने एक तपासा, मारलं ते लांडग्यानेच की गावच्या मोकाट कुत्र्यांनी? हॉटेल-पोल्ट्रीचा कचरा माळावर टाकतात तिथे कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्यात, त्या मेंढरंही फाडतात, चिंकाऱ्याच्या पिल्लांनाही सोडत नाहीत, वर लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलंय, म्हणजे शुद्ध लांडगा हळूहळू पुसला जाण्याची भीती आहे. हा कचरा बंद झाला तर तुमचं नुकसान कमी होईल आणि लांडग्याचंही, यात तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात.

प्रश्न: मला पक्ष्यांचे फोटो काढायला आवडतं. माळावर गाडी घेऊन गेलं तर चालतं का? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर: गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा, अंड्यांचं वर सांगितलंच आहे. लांडग्याची, खोकडाची बिळं सापडली तर लोकेशन कुणालाही पाठवू नका, अगदी जवळच्या ग्रुपलाही नाही. एका रविवारी वीस गाड्या आल्या की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते.

प्रश्न: मी बीएससीला आहे, सुट्टीत गावी असते. आमच्या माळासाठी मला एकटीला काय करता येईल? (माण तालुक्यातून एक विद्यार्थिनी)

उत्तर: ताई, तुझा प्रश्न शेवटी ठेवला कारण वर लिहिलेल्या सगळ्याला लागतो तो कागद तू तयार करू शकतेस. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांत ती नोंदवही कपाटात असते, घाईघाईत भरलेली, शेजारच्या गावाचीच कॉपी केलेली. ग्रामसेवकांकडे ती मागून घे आणि तुमच्या माळाचं त्यात काय लिहिलंय ते बघ.

मग महिन्यातून ठरलेल्या वाटेने सकाळी चालत जा आणि दिसेल ते लिही, तारीख, वेळ, जागा, किती. नाव माहीत नसेल तर वर्णन लिही आणि फोटो काढ. आजी-आजोबांना गवतांची नावं विचार, कुठलं गवत गाईला आवडतं, कुठल्याने दूध वाढतं, कुठलं छपराला वापरायचे, कुठलं आता दिसत नाही, ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरही टाक. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात तुमच्या तळ्याची नोंद गेली की उद्या कोणी तिथे भराव टाकायला आलं तर 'इथे काहीच नव्हतं' असं म्हणता येत नाही. माळढोकचं उदाहरण घे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक आहे हे आधी निरीक्षकांनी नोंदवून दाखवलं, मग १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक जवळपास दिसेनासा झालाय, देशात दीडशेच्या आतच उरलेत आणि बहुतेक जैसलमेरकडे. पण अभयारण्यामुळे नान्नजचा माळ अजून माळ आहे, काळवीट आणि लांडगे तिथे आहेत.

वर्षभराच्या नोंदी झाल्या की २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी एखाद्या ग्रामसभेत त्या वाचून दाखव आणि नोंदवहीत घालायचा ठराव मांड. ठरावात गट नंबर, चतुःसीमा आणि तळ्याचा उल्लेख स्पष्ट असू दे, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलंय ना हे उठण्याआधी बघ, प्रत मागून घे. त्या वेळी मेंढपाळ आणि गवत कापणाऱ्या बायका सभेला असतील असं बघ, त्यांच्या सह्या झाल्या तर तो ठराव पुढच्या सरपंचालाही सहज फिरवता येणार नाही. नोंदींची एक प्रत आमच्याकडे पाठव, पुढच्या अंकात छापू.